पिशवीच्या पलीकडे

8 मे हा जागतिक अंडाशय कर्करोग दिन. 2013 पासून तो पाळला जातो. त्याचा रंग मोरपंखीकडे झुकणारा निळा-हिरवा आहे. स्तनाच्या कर्करोगाची गुलाबी रिबन आता तालुक्याच्या मेडिकल दुकानातही चिकटवलेली दिसते. ही निळी-हिरवी मात्र आमच्या गावात मी अजून कुणाच्या अंगावर पाहिलेली नाही. रिबनचं एक वेळ जाऊ द्या. आमच्या मोहल्ल्यात या अवयवालाच नाव नाही, तिथे त्याच्या कर्करोगाचं नाव कोण घेणार?

घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत आणि बाजारात मराठी. दोन्हीकडे बाईच्या ओटीपोटात एकच वस्तू असते आणि तिला म्हणतात पिशवी. मूल राहत नाही, पिशवी कमजोर. अंगावरून जास्त जातं, पिशवीला सूज. चाळिशीत दुखणं वाढलं की पिशवी काढून टाकायची आणि सुटायचं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हाही लोकांच्या तोंडी हाच शब्द होता. या पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन अवयव असतात आणि पिशवी काढली तरी ते पुष्कळदा आतच ठेवलेले असतात, हे त्या बाईला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जास्वंदीचं फूल उभं कापून त्यातला अंडाशय पोरांना दाखवला. फुलाच्या अंडाशयाबद्दल बोलायला कुणाची हरकत नव्हती.

2021 च्या पावसाळ्यात माझं पोट फुगायला लागलं. वय 54, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. दोन घास खाल्ले की जेवण झाल्यासारखं वाटायचं. सलवारची नाडी सैल बांधावी लागत होती आणि चेहरा मात्र उतरत चालला होता. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे. मोहल्ल्यातल्या एका चाचींनी माझ्या पोटाकडे पाहून सुनेला हळूच विचारलं, "इस उमर में?" सून तीन दिवस हसत होती. मी डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांदा गॅसच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्यांदा ॲसिडिटीच्या. तिसऱ्या खेपेला "मॅडम, रिटायरमेंट जवळ आली की असं होतं, मन रमवा" असा सल्ला मिळाला. मीच सोनोग्राफी लिहून मागितली. पोटात पाणी निघालं.

पाणी म्हटल्यावर टीबीचा संशय आला. तो निराधार नव्हता. आपल्याकडे पोटाचा टीबी पुष्कळ. तोही पोटात पाणी करतो, वजन उतरवतो, शिवाय अंडाशयाच्या कर्करोगात रक्तातली सीए-125 नावाची जी पातळी वाढते ती टीबीतही वाढते. माझी तक्रार वेगळी आहे. ते पाणी सुईने काढून त्यातल्या पेशी तपासायच्या आधीच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सात आठवडे मी त्या घेतल्या. लघवी नारिंगी होत राहिली, पोट वाढत राहिलं. शेवटी मुलाने रजा टाकली आणि मला परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे साडेतीन लिटर पाणी काढलं. सीए-125 पस्तिसाच्या आत असावं लागतं, माझं अठराशेच्या वर होतं. सीटी स्कॅन, बायोप्सी, मग निदान: दोन्ही अंडाशयं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, तिसरा टप्पा.

बहुतेक बायकांना हा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच कळतो. म्हणून त्याला मूक मारेकरी म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. माझं पोट तीन महिने बोलत होतं, नुसतं बोलत नव्हतं, फी भरून बोलत होतं. लक्षणं साधी आहेत: पोट फुगलेलं राहणं, थोडं खाऊन पोट भरणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीची घाई. यातलं प्रत्येक कुणालाही कधी तरी होतंच. पाहायचं ते हे की त्रास नवा आहे का आणि तो ठाण मांडून बसला आहे का. महिन्यातले बारा किंवा त्याहून जास्त दिवस असं होत असेल तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मागून घ्यावी. आणि पन्नाशी उलटल्यावर ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा "गॅस" सुरू होतो, तिच्या गॅसवर डॉक्टरांनी इतका सहज विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचारांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. दर तीन आठवड्यांनी एक असे तीन केमो, मग ऑपरेशन, मग आणखी तीन केमो. ऑपरेशनमध्ये पिशवी, दोन्ही अंडाशयं, नळ्या, तो चरबीचा पडदा आणि डोळ्यांना दिसेल तेवढा आजार काढतात. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके. केमोत दोन औषधं होती. पॅक्लिटॅक्सेल हे मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालेलं, आणि कार्बोप्लॅटिन, ज्यात खरोखर प्लॅटिनम असतं. महात्मा फुले योजनेतून बराच भार हलका झाला, तरी मुंबईच्या फेऱ्या आणि योजनेत न बसणाऱ्या तपासण्यांसाठी दोन बांगड्या गेल्या. सोनं विकून प्लॅटिनम अंगावर चढवलं, असं मी जावेला सांगायचे. ती रडायची, मग मला तिची समजूत घालावी लागायची.

मुंबईत आमचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असायचा. शेजारच्या खाटेवर जळगावच्या एक ताई होत्या, त्यांना गालाचा कर्करोग. पहाटे त्या मोबाइलवर अभंग लावायच्या आणि मी फजरसाठी बसले की आवाज बारीक करायच्या. माझं तोंड फोडांनी भरलं तेव्हा त्यांनी मला ताकात भात कालवून दिला. स्वतःला धड गिळता येत नव्हतं.

केमोत केस गेले, पण बाहेर कुणाला कळलंच नाही. डोक्यावर ओढणी आधीपासूनच होती. शेजारच्या कॉलनीतल्या एका मैत्रिणीचे केस गेले होते तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं, लोक डबे घेऊन आले, बायका तिच्या घरी बसायला आल्या, त्यातल्या दोघींनी स्वतःची तपासणीही करून घेतली. माझ्या बाबतीत ओढणीने सगळं झाकून टाकलं आणि घरच्यांना तेच बरं वाटलं. "पोट का ऑपरेशन हुआ" एवढंच बाहेर गेलं. नणंद तर म्हणाली, "भाभी, वो बीमारी का नाम मत लो, घर में जवान लडकी है." मी ओढणीच्या विरोधात लिहीत नाही, मी आजही ती घेते. फक्त तिच्या आड किती गोष्टी सोयीने ठेवल्या जातात ते मला त्या वर्षी दिसलं.

मग मी नाव घ्यायला सुरुवात केली. एक मदत मनीषा कोइरालांची झाली. 2012 मध्ये त्यांना अंडाशयाचा कर्करोग झाला, न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले, पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. 2024 मध्ये "हीरामंडी" आली आणि मोहल्ल्यातल्या ज्या सुना ती मालिका चोरून पाहत होत्या त्यांना मी सांगितलं, ती मल्लिकाजान झाली आहे ना, तिला झाला तोच मला. एकीने लगेच विचारलं, "मतलब ठीक हो जाता?" काहींचा होतो, असं मी सांगितलं. काहींचा परत येतो.

माझा परत आला. 2023 च्या डिसेंबरात, सहाव्या केमोनंतर एकवीस महिन्यांनी. पुढच्या टप्प्यात सापडलेला हा आजार बहुतेकींमध्ये परत येतो, हे मला आधीच सांगितलेलं होतं. आधी माहीत असल्याने काही फरक पडतो असं नाही. पुन्हा केमो झाले. प्लॅटिनमला आजाराने पुन्हा दाद दिली, आणि त्यानंतर ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी दोन, रात्री दोन. पहिल्या वेळी त्या झेपण्यासारख्या नव्हत्या, या वेळी एका ट्रस्टची मदत मिळाली. थकवा येतो, हिमोग्लोबिन घसरतं, दोनदा रक्त चढवावं लागलं. तीन महिन्यांनी सीए-125 करायचं. रिपोर्ट यायच्या आधीचे दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मागच्या वेळी अकरा आलं. मुलाने आकडा वाचला आणि फोन खिशात घालून थेट मशिदीत गेला. एरवी जुम्म्याशिवाय तो तिकडे फिरकत नाही.

लोक विचारतात, नमाज-रोजाचं काय करतेस? पॅक्लिटॅक्सेलने पायांच्या आणि बोटांच्या नसांवर परिणाम होतो. वजूचं पाणी गार आहे की गरम हे बोटांना कळत नाही, मी आधी कोपर लावून पाहते. जानमाजची मखमल पायांखाली आहे हे डोळ्यांनी पाहून समजतं. टाक्यांमुळे पहिलं वर्ष सजदा जमला नाही, खुर्चीवर बसून इशाऱ्याने पढत होते. रोजे नाहीत. गोळ्यांमध्ये बारा तासांचं अंतर ठेवायचं असतं, शिवाय पाणी भरपूर प्यायचं. आजाऱ्याला सूट कुरआननेच दिलेली आहे आणि जो आजार बरा होऊन रोजे भरून काढण्याची आशा नाही, त्यात रोजच्या रोजाबद्दल एका गरिबाचं जेवण, म्हणजे फिदिया. मी तो देते. तरीही रमजानमध्ये भर दुपारी पाण्याची बाटली तोंडाला लावताना कुणी ना कुणी बघत असतं. "एकाध तो रख लो, बरकत होगी." सवलत ज्याने दिली त्याच्यापेक्षा शेजारणी कडक.

कलौंजी, जमजम, फुंकलेलं पाणी, सगळं घरात आलं. जमजम आणि दुआ मी घेतली. एका हकीमसाहेबांचा काढा मात्र परत पाठवला, कारण केमोच्या काळात असल्या काढ्याने लिव्हरवर ताण आला तर पुढचा डोस लांबतो. प्रत्येक रोगासोबत इलाजही उतरवला आहे या अर्थाची हदीस मला पुष्कळांनी ऐकवली. मीही ती मानते. माझ्या मते तो इलाज सलाईनच्या बाटलीतही उतरू शकतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. दुसऱ्या वेळच्या उपचारात माझी जनुकीय तपासणी झाली. या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची ती व्हावी अशी आजची शिफारस आहे. त्याआधी एक समुपदेशक बाई कागद घेऊन बसल्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, जो वारला त्याच्यावर तिरकी रेघ. म्हणाल्या, तीन पिढ्या सांगा. आमच्या घरी शजरा आहे, माझ्या अब्बांनी फ्रेम करून बैठकीत लावलेला, सात पिढ्यांचा. मुलाने त्याचा फोटो मागवून घेतला. त्यात एकही बाई नाही. बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा.

मग अम्मीला फोन लावला. अम्मी 80 वर्षांची, लक्ख आठवणीची. तिने सांगायला सुरुवात केली आणि कागदावर गोल वाढत गेले. माझी मोठी फुफी, पन्नाशीत गेली, "पेट में पानी हुआ था". अब्बांची खाला, तीच गोष्ट, मिरजेला दाखवलं होतं. धाकट्या फुफीला छातीत गाठ होती, कुणाला दाखवलीच नाही, कपड्याला डाग लागले तेव्हा कळलं. आमच्यात नात्यात लग्नं होतात, त्यामुळे एकच बाई दोन बाजूंनी नात्यात यायची आणि समुपदेशक बाईंना तीनदा कागद बदलावा लागला. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, हे सगळं वडिलांच्या बाजूने आहे. मी पंचवीस वर्षं हे ऐकत होते की बायकांचे आजार आईकडून येतात.

बीआरसीए-1 हा जनुक 1994 मध्ये ओळखला गेला. त्यात बिघाड असेल तर आईकडून किंवा बापाकडून तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी निम्मी, मुलगा असो की मुलगी. सर्वसाधारण बाईला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. हा जनुक बिघडलेला असेल तर शंभरात चाळीसच्या घरात. माझा बिघडलेला निघाला. अब्बांनी तो मला दिला. त्यांना स्वतःला काही झालं नाही, 83 व्या वर्षी झोपेत गेले.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आपा, ये औरतों का मामला है." मी त्याला तो कागद दाखवला, अब्बांच्या चौकोनातून माझ्या गोलाकडे आलेली रेघ दाखवली. त्याला दोन मुली आहेत. अजून त्याने तपासणी केलेली नाही. विषय काढला की वहिनी चहा ठेवायला उठते.

माझ्या मुलीचं वय 26. एम.कॉम. झाली, बँकेत आहे. रिश्ते येत आहेत. ती म्हणते, "अम्मी, मी टेस्ट करते आणि जे येईल ते समोरच्यांना निकाहआधी सांगते. ज्याला जायचं तो जाऊ दे." ऐकायला हे फार चांगलं वाटतं, पण मला माझं गाव माहीत आहे. एका घराला सांगितलं की सात घरांना कळतं, आणि मग ती बँकेतली मुलगी उरत नाही, "वो कॅन्सरवाली की बेटी" होते. तिचे वडील म्हणतात, आधी निकाह होऊ दे, टेस्ट नंतर. डॉक्टरांचं म्हणणं असं की जनुक बिघडलेला निघाला तर मुलं झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, अंडाशयं आणि नळ्या काढून टाकाव्यात. अँजेलिना जोलीने 2015 मध्ये तेच केलं, तिची आई याच आजाराने गेली होती. म्हणजे मुलीच्या हातात नऊ-दहा वर्षं आहेत, आणि त्यात नवऱ्याला माहीत असणं गरजेचं आहे. लपवून हे जमणार नाही. मी मुलीच्या बाजूने आहे. घरात यावर दोन महिने अबोला चालू आहे, असंही लिहून टाकते.

आमच्या ओळखीच्या एका मौलानांना मी विचारलं, ही तपासणी म्हणजे तकदीरमध्ये डोकावणं तर नाही? त्यांनी मला उंट बांधण्याच्या हदीसची आठवण करून दिली आणि वर विचारलं, "टेस्ट को कितना खर्चा आता?" त्यांच्या घरातही कुणीतरी असावं.

जागृती म्हटलं की लोक तपासणी शिबिर घ्यायला निघतात, त्याबद्दल दोन शब्द. ज्यांना काही त्रास नाही, घराण्यात कुणाला नाही, अशा सगळ्या बायकांची सरसकट सीए-125 किंवा सोनोग्राफी करून फायदा होत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हे करून पाहिलं. 2021 मध्ये निकाल आले, मृत्यू कमी झाले नव्हते. सीए-125 पाळीच्या दिवसांतही वाढतं, गाठी असल्या तरी वाढतं, आणि उगाच घाबरून पोट उघडलं जातं. तरी महिला दिनाला लॅबवाले "स्पेशल पॅकेज"मध्ये ती तपासणी घालतात, खाली गुलाबी फूल छापतात. आणि गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी केली म्हणजे अंडाशयही तपासलं गेलं, असं समजणाऱ्या शिकलेल्या बायका मला भेटल्या आहेत. त्या तपासणीत अंडाशय दिसत नाही.

त्यामुळे मी शिबिर घेत नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा बायका कुरआनखानीला जमतात, चहा होईपर्यंत मला पंधरा मिनिटं मिळतात. मी फळ्याऐवजी पराती उलटी ठेवून तिच्यावर खडूने काढते: मधे पिशवी, बाजूला दोन नळ्या, टोकाला दोन बदाम. पहिल्या वेळी दोघी उठून गेल्या. दुसऱ्या वेळी त्यातली एक परत आली.

तिसऱ्या महिन्यात सत्तरीच्या हलीमा खाला म्हणाल्या, "मेरी पिशवी तो निकाल दी बीस साल पहले, अब मुझे क्या होता?" मी त्यांना ऑपरेशनचा कागद आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी आल्या. त्यावर टी.ए.एच. एवढंच लिहिलं होतं, म्हणजे पिशवी काढली. बी.एस.ओ. लिहिलेलं नव्हतं, म्हणजे अंडाशयं काढलेली नव्हती. मी तसं सांगितलं. खालांनी कार्ड परत हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोनों अंदर हैं?" दोन्ही, मी म्हटलं. "और मेरे को किसी ने बोला नहीं."

त्यांना काही त्रास नाही, अल्लाहची मेहेरबानी. पण त्यानंतर बायका कार्डं घेऊन यायला लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात चार आली. दोन नीट वाचता आली. एकावर कुणीतरी किराण्याचा हिशेब केला होता, आणि चौथं वाळवीने खाल्लेलं, त्यावर फक्त नाव आणि तारीख उरली होती.